काकूंची तुळस

तुळशीचं लग्न लागलं, कार्तिकी पौर्णिमा झाली आणि पुढच्या आठवड्यात समोरच्या काकू पुण्याला मुलाकडे निघाल्या. चंद्रपूरचा हिवाळा त्यांच्या छातीला सोसत नाही. बाहेरगावच्या लोकांना हे शहर ४८ अंशांच्या उन्हाळ्यासाठी माहीत असतं, पण दम्याच्या माणसाला विचाराल तर तो डिसेंबरचं नाव घेईल. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन तिथेच बसते आणि तिच्यावरची जरा ऊबदार हवा झाकणासारखी राहते. मग २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, ट्रकांमागची धूळ, गल्लीतल्या शेकोट्या, सगळ्यांचं जे काय असेल ते सकाळपर्यंत आपल्याच नाकासमोर. गच्चीवर अनवाणी दहा पावलं चाललं तरी तळवे काळे होतात. काकूंच्या यजमानांची सगळी नोकरी त्याच वीज केंद्रात गेली. काकू म्हणतात, त्यानंच खायला दिलं, आता त्याच्याबद्दल काय बोलायचं.

जाताना त्यांनी चार कुंड्या आमच्या दारात आणून ठेवल्या. मनीप्लांट, कोरफड, मोगरा आणि तुळस.

"भाभी, तीन महिने तुमच्याकडं ठेवून जाते. बाकीचं राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं. ही मात्र सांभाळा."

अम्मी म्हणाली, "ताई, तुम्ही बिनघोर जा."

अम्मी आणि काकू यांची ओळख माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची आहे. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा चिवडा यांच्या गोष्टी मी इथे लिहीत नाही, त्या तुम्हाला पाठ असतील. दोघींची खरी मैत्री पाण्यावरून झाली. नळ कधी येणार, टँकर येणार की नाही, कोणाच्या टाकीत किती उरलंय. एकमेकींना बादली मागता येणाऱ्या बायका होत्या त्या. (अम्मी घरात हिंदी-उर्दू मिसळून बोलते. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, तिला चालेल.)

काकूंनी मला बाजूला घेऊन सूचना दिल्या. रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी टाकायचं नाही. मंजुळा आल्या की खुडायच्या, नाहीतर झाड बियांच्या मागे लागतं आणि वाळतं. "दिवा लावू नको वं, तो मी पुण्याला लावीन. तू फक्त पाणी बघ." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् तुझे ते चार दिवस असले की भाभीला सांगजो."

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच चार दिवसांत मी नमाज पढत नाही, कुराणाला हात लावत नाही आणि त्याबद्दल घरात कधी वाद घातलेला नाही. रागाला सुरुवात करायची तर घरातूनच करावी लागली असती. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

राग आला नाही, पण भीती मात्र दुसऱ्याच दिवशी आली. वरच्या मजल्यावरच्या एक बाई जिन्यात भेटल्या. दारातून आतल्या कुंड्या दिसत होत्या. "काकूंची तुळस? तुमच्याकडे?" एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून, "नीट बघा हं." स्वर वाईट नव्हता. कदाचित त्यांच्या मनात काही नसेलही. पण त्या दिवसापासून ती कुंडी माझ्यासाठी झाड राहिली नाही. मुसलमानांच्या घरात तुळस वाळली, हे वाक्य कोणीही उच्चारलेलं नसताना मला ऐकू यायला लागलं. आजकाल अशी वाक्यं ऐकू येण्यासाठी कोणी उच्चारावी लागत नाहीत.

मग मी काय केलं? पाणी घातलं. रोज, सकाळी उठल्या उठल्या, गच्चीवरच्या टाकीतून आलेलं बर्फासारखं पाणी, तांब्याभर. अम्मी हिवाळ्यात वुजूचं पाणी टबात धरते आणि ते निवल्यावर आपल्या कुंड्यांना घालते. तुळशीला मात्र ते द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आपलं वापरलेलं पाणी त्यांच्या तुळशीला नको. म्हणून तुळशीला वेगळं, ताजं. खाली मी प्लास्टिकची थाळी ठेवली होती, फरशी खराब होऊ नये म्हणून. थाळीत नेहमी बोटभर पाणी उभं असायचं आणि मला वाटायचं, छान, झाडाची सोय झाली.

घरात झाडं ठेवणाऱ्यांनी ही चूक एकदा तरी केलेली असते. उन्हाळ्यात चंद्रपुरातली कुंडी दिवसातून दोनदा पाणी मागते आणि आपला हात त्याच सवयीचा होतो. हिवाळ्यात झाडाची वाढ मंदावते, पानांतून पाणी उडणं कमी होतं, मातीतलं पाणी चार-चार दिवस तसंच राहतं. मुळांनाही श्वास लागतो. माती सतत ओली राहिली की ती गुदमरतात, काळी पडून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. आपण बघतो, पानं मलूल आहेत, म्हणजे तहान लागली असणार. आणखी पाणी. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं.

डिसेंबरच्या मध्यात पारा दहाच्या खाली आला आणि तुळशीची पानं गळायला लागली. आधी खालची, मग मधली. काही काळपट होऊन देठालाच लोंबत राहिली. आमच्याकडे एक रोप असं होतं ज्याचं अगदी तेच चाललं होतं. अम्मीचा सब्जा.

सब्जा आमच्या घरात अब्बांमुळे आला. अब्बा तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोलीच्या फळ्यांवर मुन्शी म्हणून जायचे. एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या फळीवर पुडके मोजून घ्यायचे, उन्हात पसरायचे, वहीत नोंदी. परतताना वडसा देसाईगंजला नानीकडे थांबत. एका वर्षी नानीच्या अंगणातल्या सब्जाच्या बिया कागदाच्या पुडीत बांधून आणल्या. रमजानच्या सरबतात फुगवून घालतो त्याच या काळ्या बिया. अम्मीनं त्या रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. तेव्हापासून दर वर्षी त्याच झाडाच्या बियांचं पुढचं झाड. अब्बा गेल्यानंतर त्या डब्याला दुसरं काम लागलं. जुमेरातीला अम्मी दोन-चार डहाळ्या कापून ओल्या कापडात गुंडाळते आणि माझा भाऊ त्या कब्रस्तानात घेऊन जातो. आमच्या घरातल्या बायका तिथे जात नाहीत. अम्मीच्या वतीनं तिथे सब्जा जातो.

तुळस आणि सब्जा एकाच कुळीतले, वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, ऑसिमम. पानं चुरगळून वास घेतला तरी नातं कळतं. सूरह रहमानमध्ये ज्या रैहानचा उल्लेख आहे ते नाव आपल्याकडे या सब्जालाच लावतात. दोघंही उष्ण प्रदेशातले आणि थंडी दोघांनाही वर्ज्य. तुळस निदान झुडूप आहे, लाकूड धरते, खोडात थोडा जीव राखून ठेवू शकते. सब्जा बहुधा एका वर्षाचाच पाहुणा. गारठा लागला की त्याची पानं एका रात्रीत काळी.

आमच्या घरात दक्षिणेला उघडणारी खिडकी एकच, स्वयंपाकघरातली. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला राहतो, त्यामुळे त्या खिडकीतून ऊन ओट्यापर्यंत आत येतं. शेजारी गॅस, म्हणून रात्रीही तिथे ऊब असते. पण कट्टा अरुंद. अर्ध्या जागेत पाण्याचा माठ. उरलेल्या जागेत एक कुंडी. दर हिवाळ्यात ती जागा सब्जाची. शब-ए-बरातपर्यंत तो टिकला पाहिजे, हा अम्मीचा हिशेब. हिजरी तारखा मागे सरकत जातात, हल्ली शब-ए-बरात थंडीतच येते.

एका सकाळी उठले तर सब्जाचा डबा खाली, दाराशेजारी ठेवलेला. खिडकीत तुळस.

"अम्मी, सब्जा मरेल."

"मरेल कदाचित."

"मग?"

"आपली चीज आहे. ही अमानत आहे."

एवढं बोलून ती पोळ्या लाटायला लागली. अमानत या शब्दाबद्दल आपल्या घरांत लहानपणापासून खूप ऐकवलं जातं, बहुतेक पैशांच्या संदर्भात. कोणाचे पैसे ठेवले तर तीच नोट परत द्यावी, बदलून देऊ नये, असं अब्बा सांगत. तुळशीच्या बाबतीत ते लागू होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अम्मीचा मोठेपणा वगैरे जाणवला नाही. चिडचिड झाली. जिन्यातल्या बाईंच्या एका वाक्यासाठी अब्बांचा सब्जा का जावा? नंतर लक्षात आलं की अम्मीला ते वाक्य माहीतच नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं.

काकू दर तीन-चार दिवसांनी व्हिडिओ कॉल करायच्या. प्रकृतीचं बोलणं झालं की, "तुळस दाखव बरं." मी फोन त्या बाजूनं धरायची जिथे अजून पानं होती. कुंडी फिरवून ठेवायची. एकदा तर मागे मनीप्लांटची हिरवी वेल येईल असा कोन शोधला. काकू म्हणाल्या, "छान हाय." कॉल बंद झाल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली आणि तरी पुढच्या वेळी मी तेच केलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाडावर मोजून अकरा पानं उरली. त्या दिवशी ऑफिसमधून येताना मी मूल रोडच्या बाजूच्या एका रोपवाटिकेत गेले आणि तेवढ्याच उंचीची, तशीच काळपट देठाची तुळस विकत घेतली. दुसरी. कुणाला कळणार होतं? रोपवाटिकेतला माणूस पिशवी बांधता बांधता म्हणाला, "मॅडम, आता कशाला नेता? होळीनंतर न्या." मी म्हटलं, घरची वाळली. तो थांबला. "वाळली म्हणता, नखानं खरडून पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. त्यानं मग उभ्या उभ्या जे सांगितलं ते मी आजवर वाचलेल्या बागकामाच्या सगळ्या लेखांपेक्षा कामाचं होतं. खोडावर नखानं हलकेच ओरखडा काढायचा. आत हिरवं ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तेवढी फांदी गेली, खाली सरकून पुन्हा बघायचं. माती हुंगायची. नाल्यासारखा वास आला तर मुळं कुजताहेत. बोट दोन पेरं आत घालायचं, आत गार-ओलं लागलं तर पाण्याला हात लावायचा नाही, मग वार कोणताही असो. पाणी द्यायचं ते सकाळी दहा-अकराला, ऊन चढल्यावर, खोलीत ठेवून थंडी मोडलेलं. खत बंद. कुंडी बदलणं बंद. "या दिवसांत झाडाला काही करायचं नाही, हेच करायचं असतं," तो म्हणाला. त्याचं स्वतःचं सगळं हिरव्या जाळीखाली होतं.

नवी तुळस मी गच्चीवर टाकीच्या आडोशाला लपवली. घरी येऊन जुनीच्या खोडाला नख लावलं. वरचं वीतभर मेलेलं. खाली, मातीपासून चार बोटांवर, हिरवं.

थाळी काढून फेकली. कुंडीचं भोक मातीनं बुजलं होतं, ते काडीनं मोकळं केलं. कितीतरी पाणी निथळलं. कुंडीखाली दोन विटांचे तुकडे ठेवले. मातीवर अंथरायला नानीच्या घरची आठवण कामी आली. वडसा हा भाताचा मुलूख, तिथे हिवाळ्यात अंगणात तणशीचे ढीग असतात आणि नानी नाजूक रोपांच्या बुडाशी मूठमूठ तणस पसरायची, जमिनीची ऊब जाऊ नये म्हणून. चंद्रपुरात तणस शोधायला लांब जावं लागलं नाही, फळवाल्याच्या खोक्यात निघाली. पण आधी माती चांगली सुकू दिली. ओल्या मातीवर पांघरूण घातलं तर ओल आतच राहते. रात्री खिडकी लावून वर अम्मीची जुनी सुती ओढणी, काड्यांवर ताणून, पानांना टेकणार नाही अशी. सकाळी काढायची.

आणि मग काही केलं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. पहिल्यांदा सहा दिवस पाणी दिलं नाही, सातव्या दिवशी अर्धी वाटी. काकूंच्या रविवार-एकादशीच्या नेमाला मी मनातल्या मनात हसले होते. आठवड्यातून एक दिवस आणि महिन्यातून आणखी दोन दिवस झाडाला पाण्यावाचून ठेवणारा नेम मी पाळला खरा, पण आदल्या दिवशी दुप्पट पाणी घालून. म्हणजे न पाळल्यासारखाच. हा नियम शास्त्रीय कारणानंच केला असेल असं म्हणण्याची आजकाल फॅशन आहे, मला तसं काही म्हणायचं नाही. एवढंच, की काकूंची तुळस काकूंच्या हातात जगत होती आणि माझ्या हातात बुडत होती.

नव्या तुळशीचं काय झालं ते सांगते. जाळीखालच्या ऊबेतून उचलून मी तिला थेट उघड्या गच्चीवर आणलं होतं. चौथ्या रात्री ती काळी पडली. अम्मीला ती कपडे वाळत घालताना सापडली.

"ही कोणाची?"

मी सगळं सांगितलं. जिन्यातलं वाक्यसुद्धा.

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. कपडे वाळत घालून झाले तेव्हा म्हणाली, "बदलून दिली असतीस तर ताईंना कळलं नसतं, हे खरं. मला चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायचं होतं ना पण." मग म्हणाली, "आणि त्या बाईंचं तू मनावर घेतलंस आणि मला सांगितलं नाहीस. दोन महिने."

बाकीच्या झाडांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोरफडीला महिन्यात दोनदा पाणी दिलं, तिनं तक्रार केली नाही. मनीप्लांटची पानं मी रविवारी ओल्या फडक्यानं पुसायची. फडकं पहिल्याच पानाला करडं व्हायचं. पानावर राख-धूळ बसली की आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी पोचतो, त्यामुळे आपल्या शहरात हे काम पाणी घालण्याइतकंच महत्त्वाचं. तुळशीची पानं लवदार, ती पुसू नयेत. दुपारच्या उन्हात हलका फवारा पुरे. मोगरा पूर्ण निष्पर्ण झाला होता, पण त्याची मला आधीच कल्पना होती. मोगरा हिवाळ्यात झोपतो. तेव्हा पाणी तोडायचं, जानेवारी संपताना छाटायचा, म्हणजे उन्हाळ्यात फुलतो. दर वर्षी किती मोगरे मेले म्हणून कचऱ्यात जात असतील.

सब्जा जानेवारीच्या मध्यातच गेला. एका सकाळी सगळी पानं कोळशासारखी. अम्मीनं वाळलेले तुरे हातावर चोळून बिया काढल्या, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि पुडी बांधून मिठाच्या बरणीमागे ठेवली. शब-ए-बरातला भावानं कब्रस्तानाच्या दारातल्या विक्रेत्याकडून गुलाब आणि सब्जा घेतला. तिथे खूप छान, ताजा सब्जा मिळतो. अम्मीनं विचारलं, "वास होता ना?" भाऊ म्हणाला, होता.

फेब्रुवारीच्या मध्यात तुळशीच्या बुडाशी दोन कोंब दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे. मी वरचं मेलेलं खोड कापलं. महिनाअखेर काकू आल्या तेव्हा कुंडीत तळहाताएवढं हिरवं होतं आणि वर कापलेला बुंधा. व्हिडिओत दाखवलेल्या झाडाशी त्याचा काही संबंध नव्हता.

काकू चपला काढून आत आल्या, कुंडीसमोर वाकल्या. मी बोलायला सुरुवात केली. थाळी, पाणी, फोनचा कोन, विकत आणलेली दुसरी तुळस. काकू आधी ऐकत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या, खोकला येईपर्यंत.

"अवं पोट्टी, माझ्याकडं तर दोन-तीन थंड्यांत एकदा जाते ही. ही चौथी की पाचवी असंल. मागची तर मीच जास्त पाणी टाकून मारली." पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मला वाटलं, तुझ्याकडं जाईल तर येऊन नवीन लावू. तू कायले इतका जीव जाळून राहिली?"

मी अम्मीकडे बघितलं. अम्मी चहा गाळत होती.

कुंडी उचलायला काकू खिडकीशी गेल्या. कट्ट्यावर विटांचे तुकडे आणि तणशीच्या दोन काड्या राहिल्या. दाराशेजारचा रंगाचा डबा त्यांना येताना दिसला नव्हता, आता परत जाताना दिसला. कोरड्या मातीत चार काड्या उभ्या होत्या.

"भाभी, सब्जा कुठं गेला?"

"गेला थंडीनं," अम्मी म्हणाली. "बिया आहेत. बसा ताई, चहा निवतोय."